रिकामे मूत्राशय

नवी मुंबईतील एका रुग्णालयात मी रेडिओथेरपी तंत्रज्ञ आहे. गुदाशयाचा कर्करोग भिंतीबाहेर किंवा आसपासच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर आमच्याकडे बहुतेकदा शस्त्रक्रियेआधी रेडिएशन आणि कीमो एकत्र दिली जाते. सोमवार ते शुक्रवार रोज १.८ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक), असे २८ फ्रॅक्शनांत, म्हणजे २८ हप्त्यांत, ५०.४ ग्रे, आणि त्याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत कॅपेसिटाबिन या कीमोच्या गोळ्या. या गोळीचे शरीरात फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगविरोधी औषध होते आणि किरणांनी दुखावलेल्या पेशींना सावरणे त्यामुळे अवघड जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत हा उपचार शस्त्रक्रियेनंतर देण्याऐवजी आधी दिल्यावर पाच वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण १३ टक्क्यांऐवजी ६ टक्के दिसले. तेव्हापासून हा क्रम रूढ झाला.

ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते काका कोपरखैरण्याचे माथाडी कामगार. त्यांचे उभे आयुष्य तुर्भ्याच्या मार्केटमध्ये गोण्या उचलण्यात गेले. शौचावाटे रक्त पडत होते, ते मूळव्याध समजून वर्षभर मलमावर काढले. त्या काळात भेटलेल्या एकाही डॉक्टरने बोटाने तपासणी केली नाही, याचा मला आजही संताप येतो.

ओटीपोटाच्या रेडिएशनमध्ये आमची खरी कसोटी मूत्राशयाची असते. रुग्णाने आधी लघवी करून यायचे, अर्धा लिटर पाणी प्यायचे आणि पाऊण तास थांबायचे. भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलून किरणांच्या वाटेबाहेर ठेवते. उपचार आखण्यासाठीचा, म्हणजे प्लॅनिंगचा सीटीही याच स्थितीत काढलेला असतो आणि ४५ ग्रेच्या कक्षेत येणारी आतड्याची जागा १९५ घन सेंटिमीटरच्या आत राहावी म्हणून आमचे भौतिकशास्त्रज्ञ एकेका कोनावर झटलेले असतात. टेबलावरचा रुग्ण त्या दिवशीच्या चित्राशी जुळला नाही, तर ही सगळी मेहनत कागदावरच राहते.

काकांच्या अठराव्या फ्रॅक्शनच्या दिवशी कोन बीम सीटीत, म्हणजे किरण देण्याआधी टेबलावरच काढलेल्या स्कॅनमध्ये, मूत्राशय लिंबाएवढे आक्रसलेले दिसले आणि त्याच्या जागी लहान आतड्याची वेटोळी उतरलेली होती. सहकारी म्हणाला, "हाडं जुळली आहेत, चालू करूया, बाहेर पेशंट खोळंबलेत." घड्याळाकडे बघून काम करणारी ही वृत्ती मला मान्य नाही. मी बीम सुरू करू दिला नाही आणि काकांना खाली उतरवले.

"काका, पाणी प्यायलात ना?"

"प्यायलो की, मॅडम."

"आणि पोट ठीक आहे?"

"एकदम साफ."

काकांसोबत आलेल्या, बाहेर बसलेल्या मावशींना मी बाजूला नेऊन विचारले, तेव्हा त्यांना रडू फुटले. "रात्रभर आत-बाहेर चाललंय हो. बसमध्ये पंचाईत नको म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही, पोटात अन्न नाही, तरी गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत." गोळी बंद झाली की शेकाचाही, म्हणजे रेडिएशनचाही, उपयोग होत नाही, असे प्रतीक्षागृहात कोणीतरी काकांच्या मनात भरवले होते. म्हणून त्यांनी जुलाब सगळ्यांपासून लपवले.

किरणांना साथ देणारी गोळी आतड्यालाही सोलवटून काढते. शिवाय तिचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, त्यामुळे शरीर कोरडे पडले की तिचा त्रास आणखी वाढतो. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन काकांचे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळ्या तत्काळ थांबवल्या, त्यांना दाखल करून सलाइन लावले आणि जुलाब आटोक्यात येईपर्यंत रेडिएशनही थांबवले. उपचारात खंड पडू नये असा आमचा आग्रह असतो, पण त्या अवस्थेत दुसरा मार्ग नव्हता.

मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. रेडिएशनची साप्ताहिक तपासणी तळमजल्यावर, कीमोची तिसऱ्या मजल्यावर, फाइली दोन आणि वारही दोन. उपचार एकत्र देतो असे आपण म्हणतो, पण तो एकत्र येतो फक्त रुग्णाच्या पोटात. शिवाय तळमजल्यावरचा निवासी डॉक्टर भरल्या रांगेसमोर मोठ्याने "जुलाब होतात का?" असे विचारत असेल, तर मागे चार बायका उभ्या असताना साठीचा माणूस काय सांगणार? रोज भेटणारे आम्ही तंत्रज्ञ. पण आमच्या नोंदवहीत मात्रा आणि टेबलाचे आकडे लिहिण्याची सोय आहे, पोटाची अवस्था लिहिण्याची नाही. तो रकाना वाढवावा म्हणून मी वरिष्ठांना लिहून दिले आहे; मान्यता आलेली नाही. तोवर कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर, एकेकाला बाजूला घेऊन, मी स्वतः विचारते.

काकांची २८ फ्रॅक्शने पूर्ण झाली. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण कमी मात्रेत. "राहिलेल्या गोळ्यांचं काय, मॅडम?" असे त्यांनी शेवटच्या दिवशी विचारले. त्या भरून काढायच्या नसतात, एवढेच मी सांगू शकले. त्यांच्या गाठीच्या बाबतीत त्याने किती फरक पडला, हे कोणालाच सांगता येणार नाही. एमआरआय व्हायचा आहे आणि तो पाहून सर्जन पुढचे ठरवतील. त्या बैठकीत दोन्ही फाइली एकाच टेबलावर असाव्यात म्हणून मी त्या स्वतः नेऊन ठेवणार आहे.