फिनिक्सभोवतीची अनवट शिखरं: या हिवाळ्याची नोंद

मंडळी, नोव्हेंबर ते मार्च हा इथला, म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनातला, डोंगरांचा मोसम. तो सरत आलाय, म्हणून लिहून ठेवतो. कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या शहरातल्या प्रसिद्ध शिखरांची माहिती कुठेही मिळते. माझी यादी वेगळी: घरापासून गाडीने तासाभराच्या आत पायथा, शेजारच्या खिंडीपासून निदान 300 फूट उठाव, आणि शक्यतो नकाशावर नावाऐवजी नुसता उंचीचा आकडा. सोनोरन वाळवंटात असे डोंगर शहराच्या चारी बाजूंना आहेत. रविवारीसुद्धा तिथे चिटपाखरू नसतं.

यंदाचा सगळ्यात मोठा धडा गोल्डफील्ड रांगेतल्या एका बिननावाच्या टेकाडावर पक्का झाला. सह्याद्रीत नाळ (घळीतून चढणारी वाट) दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. इथे मी सोंड (माथ्याकडून खाली उतरणारी धार) धरतो. घळीत थोडंफार पाणी मुरतं, त्यामुळे झुडपं तिथेच दाटतात. त्यातल्या कॅटक्लॉचे वाकडे काटे बाही धरून ठेवतात, की पुढचं पाऊल टाकवत नाही. सोंडेवर मात्र सग्वारो निवडुंग, पालोव्हर्डेची झाडं आणि मधे मोकळी जागा. चढ जास्त अंगावर येतो, पण वाट शोधत बसावं लागत नाही. कोरड्या ओढ्यातून पायथा गाठायचा, सोंडेवर चढायचं आणि धारेने माथा गाठायचा, हे गणित आता बसलंय. घसाऱ्यावर मी दगडाचा रंग बघतो. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेल्या दगडावर मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांचा काळपट थर चढलेला असतो. फिकट, ताजा दिसणारा दगड बहुधा अलीकडे घरंगळलेला. काळ्यावर आधी पाय, तोही दाबून बघूनच.

माथ्यावर दगडांच्या राशीत बरणी होती, आत छोटी वही आणि पेन्सिल. आधीची सही वर्षापूर्वीची! मी खाली देवनागरीत नाव लिहिलं आणि झाकण घट्ट लावलं.

उतरताना पोटरीला टेडी बेअर चोया या निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला. नव्या लोकांसाठी सांगतो: हात लावायचा नाही. काट्यांना सूक्ष्म उलटे आकडे असतात, त्यामुळे ओढायला गेलात की बोटंही अडकतात. मोठ्या दातांचा कंगवा कातडी आणि गोळ्याच्या मधे सरकवायचा, एका झटक्यात बाहेरच्या बाजूला उडवायचा, मग उरलेले काटे चिमट्याने एकेक काढायचे. कंगवा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात हवा, तळाशी नको.

सिएरा एस्ट्रेयातलं क्वार्ट्झ पीक (4,052 फूट) पण झालं. नाव असलं तरी इथे गर्दी नाही, कारण पायथ्याच्या रस्त्याला फोर व्हील ड्राइव्ह लागते. तीन मैलांत अडीच हजार फूट चढाई. शेवटच्या पाव मैलात पायवाट संपते आणि मोठमोठ्या धोंड्यांवरून हात लावत चढायचं. माथ्यावरचा पांढराशुभ्र क्वार्ट्झ (गारगोटीचा दगड) उन्हात डोळे दिपवतो. पूर्वेला अख्खं फिनिक्स, पश्चिमेला रांगांमागे रांगा. याच रांगेतली उंच शिखरं हीला रिव्हर इंडियन कम्युनिटी या मूळ अमेरिकन समाजाच्या जमिनीत येतात. परवानगीशिवाय तिथे पाय ठेवायचा नाही, म्हणून ती माझ्या यादीत नाहीत, आणि तुमच्याही नसावीत.

पाणी हिवाळ्यातही माणशी चार लिटर. वाटेत झरा, टाकं काही नाही. एप्रिलपासून मी हे डोंगर बंद करतो. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस कमाल तापमान 110 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त होतं. सावली नसलेल्या सोंडेवर त्या काळात काय होईल ते सांगायला नको.

मोसम संपण्याआधी टेबल टॉप (4,373 फूट) करायचाय. अंतराचा नियम तिथे मोडतो, पण माथ्यावर सुमारे 40 एकरांचं गवताळ पठार आहे, आणि खालच्या काटेरी वाळवंटातून एकदम गवतात पोहोचणं मला चुकवायचं नाही. पायवाट साडेतीन मैलांची. प्रश्न आहे तो पायथ्यापर्यंतच्या कच्च्या रस्त्याचा. अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर ओढे ओलांडताना वाळू किती आहे ते कळवा.