आमच्या गावातल्या मांजरींची नसबंदी : माझा अनुभव

भाव चढेल या आशेवर आमच्या हिंगणघाट तालुक्यात कितीतरी घरांत संक्रांत उलटली तरी कापूस खोलीतच पडून असतो. मांजरीला व्यायला याहून चांगली जागा सापडायची नाही. ऊब, अंधार, मऊ बिछाना, आणि वरून सरकीच्या वासाने येणारे उंदीर. आमच्या घरी, शेजारी, मागच्या आळीत, सगळीकडे हेच. कापूस गाडीत भरताना ढिगात हात घातला की पिल्लं निघतात.

मग पिल्लांचं काय होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. मांजर मारणं मोठं पाप. मारली तर सोन्याची मांजर करून काशीला जावं लागतं, असं जुनी माणसं सांगतात. म्हणून मारत नाहीत. पोत्यात घालून पांदणीच्या पलीकडे सोडतात, नाहीतर बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावच्या बाजारात. डोळे धड न उघडलेली पिल्लं. ती कुत्र्यांच्या तोंडी जातात किंवा उपाशी मरतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत होते, आणि मला ते सहन होत नव्हतं.

यावर उपाय नसबंदीचा, एवढं मला माहीत होतं. पण गावात ती कशी करायची, हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथे गायी-म्हशींची रेतनं, लाळ्या-खुरकुताच्या लसी, शेळ्यांची औषधं यांची गर्दी. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. ते म्हणाले, "मांजराचं वजन अडीच-तीन किलो. भूल वजन करून मोजून द्यावी लागते, आणि नंतर जनावरावर नजर ठेवायला माणूस लागतो. इथं ती सोय नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या चिकित्सालयात न्या." जाण्याआधी फोन करून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवा, सकाळी लवकर पोहोचा, हेही त्यांनीच सांगितलं. अकोल्याकडच्या लोकांना तिथली पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडेल.

ग्रामपंचायतीतही विचारून आले. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे आणि त्यात ग्रामपंचायतही येते. मांजरांसाठी मात्र आमच्या भागात कोणी काही चालवत नाही. तेव्हा हे काम आपलं आपणच करायचं, असं ठरवलं.

घरात सासूबाईंची समजूत काढणं हा खरा मोठा टप्पा होता. "मुक्या जनावराची कूस बंद करणं बरं नाही व बाई. पाप लागते."

मी म्हटलं, "आई, मग पोत्यात घालून सोडतो तेव्हा नाही लागत?"

त्या काही बोलल्या नाहीत. पण चुलीपुढची हांडी उतरवून त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "लय दुखते का व तिले?"

त्यांना मी डॉक्टरांचंच सांगितलं. भूल दिल्यावर काही कळत नाही. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, म्हणजे स्वतः पिल्लू असतानाच गाभण राहते. 63 ते 65 दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. जन्मभर हेच. ज्या मांजरीला सुवावडीतून उठायची उसंतच मिळत नाही, तिच्यावर आपण उपकारच करतो आहोत, असं माझं मत. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूपच घटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता वेळेबद्दल. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. म्हणून दिवाळी ते संक्रांत हा काळ धरावा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ताजी जखम घेऊन मांजराला प्रवास नको.

आणि आधी माद्या. लोक बोका पकडायला धावतात, कारण रात्री ओरडतो तो, भांडतो तो, भिंतीवर धार मारतो तो. पण गावातल्या बाकी सगळ्या बोक्यांची नसबंदी झाली आणि एकच राहिला तरी सगळ्या मांजरी गाभण राहतात. मादी एक झाली की तिच्यापुरता विषय संपतो. बोक्याचं काम मात्र सोपं, काही मिनिटांचं, बहुतेकदा टाकेसुद्धा लागत नाहीत. त्यानंतरही काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक असतं, एवढं लक्षात ठेवायचं.

घरातली चंपी उचलून नेता येत होती. तिच्यासाठी भाजीची दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधली. हवा लागते आणि मांजर निसटत नाही. बाकीच्या गावभर फिरणाऱ्या. उंदराचा पिंजरा लहान पडतो, म्हणून फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून पडत्या दाराचा जाळीचा पिंजरा करून घेतला. दार वर बांधून ठेवून रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्यातच खायला द्यायला लागले. मांजरी सरावल्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पोटभर न घालता सुक्या झिंग्यांची नुसती चिमूट आत ठेवली आणि वर बांधलेलं दार पडेल असं मोकळं केलं. मांजर अडकली की लगेच पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की ती झटापट थांबवते. उघडा पिंजरा असेल तर जाळीवर तोंड आपटून रक्त काढते.

रात्रभर खायला काही नाही, पाणी मात्र ठेवायचं. लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. अडकलेली मांजर पाजती आहे का, हे आधी बघायचं. सडांभोवतीचे केस चाटून गेलेले असतील, सड लांबलेले असतील, तर तिला त्याच क्षणी सोडायची. कुठेतरी पिल्लं तिची वाट बघत असतात. पिल्लं खायला लागून तिचं दूध आटलं की मग न्यायची.

जाम, बुटीबोरी करत नागपूर. ओळखीच्या माणसाच्या मालवाहू गाडीत मागे पिंजरे, वर चादरी.

तिथे भुरीचं कळलं. भुरी म्हणजे जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या बाजूने येणारी, कोणालाही हात लावू न देणारी. सोनोग्राफीत दिसलं की ती गाभण आहे, तिसरा-चौथा आठवडा असावा. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मोकळेपणाने सांगितल्या. आत्ता केली तर गर्भाशयासोबत गर्भही जाणार. दिवस लवकरचे आहेत, तिला मोठा धोका नाही. परत नेली तर विणं, पाजणं, दूध आटणं यात तीनेक महिने जातील. आणि एकदा पिंजऱ्याचा धसका घेतलेली भुरी पुन्हा आत शिरेल, याचा काय भरवसा? मग तिची पिल्लं कोणाच्या पोत्यात जातील, हे मला दिसत होतं.

मी घरी फोन लावला. निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. भुरीला रोज भाकर कुस्करून घालत होत्या त्या सासूबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तिले जित्ती घिऊन ये, म्हणजे झालं." मी संमतीच्या कागदावर सही केली. सही करताना हात जड झाला होता. सगळ्यांनी असंच करावं, असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन.

भुरीची चीर पोटाच्या मधोमध न घेता डाव्या कुशीत घेतली, म्हणजे तिला न पकडता लांबूनही जखम बघता येते. भूल उतरायच्या आत डाव्या कानाचं टोक कापलं. हे बघून पुष्कळांना वाईट वाटतं, मलाही वाटलं, पण त्या खुणेमुळे ती मांजर पुन्हा कोणी पकडत नाही, पुन्हा चिरफाड होत नाही. रेबीजची लसही त्याच वेळी टोचून घेतली.

घरी आल्यावरची काळजी नीट वाचा. कापसाच्या खोलीत ठेवू नका, तंतू जखमेला चिकटतात. आम्ही न्हाणी कोरडी करून जुन्या लुगड्याचे धडपे अंथरले, मातीऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे ठेवले. भुलेत अंग गार पडतं आणि डिसेंबरची आमच्याकडची थंडी काही कमी नसते, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. मांजर नीट उभी राहून चालायला लागेपर्यंत दूध-भाकर काही द्यायचं नाही, ठसका लागून जीव जातो. जखमेवर हळद नाही, तेल नाही, राख नाही.

आणि हे तर ठळक लिहिते: दुखत असेल म्हणून माणसांची तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनेही मांजर मरू शकते. गोठ्यात गोचिडासाठी फवारतो त्यातली काही औषधंही तिला तशीच घातक असतात. दुखणं थांबवायचं ते डॉक्टरांनी दिलेल्या औषधानेच.

चंपी टाके चाटू लागली, तेव्हा नातवाच्या जुन्या झबल्याला पायांसाठी भोकं पाडून सासूबाईंनीच ते तिच्या अंगात चढवलं. भुरीला जखम सुकल्यावर जिथून आणली तिथेच सोडलं. दुसरीकडे सोडू नका. तिला तिच्या जागेचं खाणं, पाणी, लपायची ठिकाणं माहीत असतात.

नसबंदी झाली की मांजर आळशी होते, उंदीर धरत नाही, असं आमच्या आळीत ठामपणे सांगितलं जायचं. चंपी आजही उंदीर आणून दारात टाकते. हे बघूनच मागच्या आळीतल्या दोन घरांनी आपल्या मांजरी न्यायला सांगितल्या. पिंजरा सध्या त्यांच्याकडे आहे. काळ्या-पांढऱ्या बोक्याचा नंबर त्यांच्यानंतर, आणि गाडीचं भाडं या खेपेला तिघांत वाटून घ्यायचं ठरलं आहे.