सोलो क्रॉस-कंट्रीचा टप्पा आणि विमानात बाळगायची कागदपत्रे

सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून सॅलिनासला एकट्याने जाऊन परत येण्याचे उड्डाण पूर्ण झाले आणि प्रायव्हेट पायलट परवान्याच्या दिशेने आणखी एक टप्पा मागे पडला. या उड्डाणाच्या तयारीत नकाशा आणि हवामानाइतकाच वेळ मी कागदपत्रांच्या नियमांना दिला, कारण अमेरिकेत छंद म्हणून उडणाऱ्या वैमानिकाने काय जवळ ठेवावे, हे त्याच्या परवान्याच्या प्रकारावर ठरते आणि नवशिक्यांचा गोंधळ नेमका तिथेच होतो.

वैमानिकाची स्वतःची कागदपत्रे तीन: परवाना, छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र. ही अंगावर किंवा विमानात हाताशी असावी लागतात, आणि एफएएचे (अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचे) निरीक्षक, अपघात तपास मंडळ, वाहतूक सुरक्षा विभाग किंवा कोणताही पोलीस अधिकारी यांनी मागितल्यास दाखवावी लागतात. तृतीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र तपासणीच्या वेळी वय चाळिशीच्या आत असेल तर ६० महिने आणि त्यापुढे २४ महिने चालते. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या ‘बेसिकमेड’ पद्धतीने, म्हणजे या प्रमाणपत्राऐवजी डॉक्टरांची तपासणी आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांच्या आधारे उडणाऱ्यांना वाहनचालक परवाना जवळ ठेवावा लागतो. डॉक्टरांनी भरलेली तपासणी यादी आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र जपून ठेवून मागणीनुसार सादर केले तरी चालते.

भारतात मिळालेल्या परवान्याच्या आधारे इथला परवाना घेतलेल्या मराठी मित्रांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. असा परवाना स्वतंत्र नसतो. मूळ भारतीय परवाना वैध असेल आणि तोही उड्डाणात जवळ असेल, तरच इथल्या परवान्यावर उडता येते.

खरा विचार करावा लागतो तो लॉगबुकचा, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीचा. विद्यार्थी वैमानिकाला प्रत्येक सोलो क्रॉस-कंट्री उड्डाणात, म्हणजे निघालेल्या विमानतळापासून २५ सागरी मैलांपलीकडे एकट्याने जाताना, लॉगबुक सोबत न्यावेच लागते, कारण प्रशिक्षकाने त्या विशिष्ट उड्डाणाचे नियोजन तपासून दिलेली लेखी अनुमती त्यातच असते. छोटी, साधी विमाने उडवण्यापुरता परवाना असलेल्या स्पोर्ट पायलटने प्रत्येक उड्डाणात लॉगबुक किंवा प्रशिक्षकाने त्यात लिहिलेल्या आवश्यक शेऱ्यांचा पुरावा बाळगायचा असतो. १९८९ पासून अस्तित्वात असलेल्या, पण फार थोड्यांनी घेतलेल्या रिक्रिएशनल पायलट परवान्याची रचना याहून सूक्ष्म आहे. या वैमानिकाला सोबत एकच प्रवासी नेता येतो आणि निघालेल्या विमानतळापासून ५० सागरी मैलांच्या आत उडतानासुद्धा प्रशिक्षकाने प्रावीण्याची खातरी दिल्याचा शेरा जवळ ठेवावा लागतो. अधिक प्रशिक्षण घेऊन तो एकट्याने या मर्यादेपलीकडे किंवा नियंत्रण कक्षाशी बोलणे बंधनकारक असलेल्या हवाई क्षेत्रात जातो, तेव्हा योग्य शेऱ्यांसह लॉगबुकच न्यावे लागते. रीड-हिलव्ह्यूला नियंत्रण मनोरा असल्यामुळे आमच्याकडे हा परवाना घेणाऱ्याला ही तरतूद लगेच भेडसावेल.

प्रायव्हेट पायलटवर मात्र लॉगबुक विमानात नेण्याचे बंधन नाही. वाजवी मागणी झाल्यास ते सादर करता आले पाहिजे, एवढेच. तरीही अनेक जण सवयीने ते पिशवीत घेऊन फिरतात. माझ्या मते हे टाळावे, कारण सगळे उड्डाणतास आणि सगळे शेरे ज्या एका वहीत आहेत ती हरवली, तर नोंदी पुन्हा उभ्या करणे अतिशय कष्टाचे होते. विद्यार्थ्याला हा पर्याय नसल्याने मी प्रत्येक क्रॉस-कंट्रीपूर्वी लॉगबुकच्या नव्या पानांची छायाचित्रे काढून घरी ठेवतो आणि तसे करण्याचा आग्रह इतरांनाही धरतो.

विमानाच्या कागदपत्रांसाठी इथले प्रशिक्षक इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेला ‘ॲरो’ हा शब्द पाठ करून घेतात: उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, रेडिओ केंद्राचा परवाना, चालनमर्यादा, आणि वजन व समतोलाची नोंद. यांतला रेडिओचा परवाना देशांतर्गत उड्डाणाला लागत नाही; मेक्सिको किंवा कॅनडाला जाताना लागतो. नोंदणीची मुदत जानेवारी २०२३ मध्ये तीन वर्षांवरून सात वर्षांवर गेली. वजन-समतोलाचा कागद त्याच अनुक्रमांकाच्या विमानाचा आहे ना, हे मी प्रत्येक वेळी वाचून पाहतो. एकाच वर्षी बनलेल्या दोन सेस्ना १७२ विमानांतही बसवलेल्या उपकरणांमुळे रिकामे वजन वेगळे असू शकते.

उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र प्रवाशांना किंवा वैमानिकाला वाचता येईल अशा रीतीने केबिनच्या किंवा कॉकपिटच्या दाराशी लावलेले असावे लागते. त्यावर अंतिम तारीख नसते, आणि म्हणूनच ते दिसले म्हणजे विमान उडण्यास योग्य आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. देखभाल आणि तपासण्या नियमानुसार झालेल्या असतील, तरच ते लागू राहते, आणि त्याचा पुरावा देखभालीच्या नोंदवह्यांत असतो. या वह्या विमानात ठेवायच्या नसतात, पण चेकराइडच्या, म्हणजे परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, दिवशी परीक्षकासमोर ठेवाव्या लागतात. त्यामुळे पुढच्या आठवड्यात शाळेच्या कार्यालयात बसून वार्षिक तपासणी, भाड्याच्या प्रशिक्षण विमानाला लागणारी शंभर तासांची तपासणी, २४ महिन्यांची ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र) चाचणी आणि १२ महिन्यांची आपत्कालीन संकेतयंत्राची तपासणी, या नोंदींच्या पानांवर खुणा करून ठेवणार आहे.