ग्रिफिन की लक? आकडे सोलून पाहताना

टेक्सासात नोकरीला आल्यावर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलपासून लांब राहता येत नाही. आमच्या ऑफिसात बेलर या टेक्सासमधल्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आहेत. 2011 च्या हंगामाचा विषय निघाला की त्यांचा रॉबर्ट ग्रिफिन श्रेष्ठ की स्टॅनफर्डचा अँड्र्यू लक, हा वाद हमखास रंगतो. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे. हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, ग्रिफिनला मिळाली, लक दुसरा. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा, मात्र लक पहिला, ग्रिफिन दुसरा. मी स्वतःच नीट तपासायचं ठरवलं.

एकूण यार्ड, म्हणजे पुढे सरकलेलं अंतर, आधी बाजूला ठेवले, कारण आक्रमणाची पद्धत बदलली की पासांची संख्याच बदलते. इथे सोय अशी की ग्रिफिनचे पास 402, लकचे 404 आणि टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास दोघांचेही 37. दर पासामागे ग्रिफिनचे 10.7 यार्ड, लकचे 8.7. इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, ग्रिफिनचे 6 आणि लकचे 10. धावेच्या आकड्यांना वेगळी चाळणी लागली. कॉलेजात क्वार्टरबॅक पास देण्याआधीच पाडला गेला, तर गमावलेले यार्ड त्याच्या धावेतून वजा होतात. म्हणजे ग्रिफिनचे धावेचे 699 यार्ड हे वजाबाकीनंतरचे!

मग जुने सामने लावून बसलो आणि खरा वेळ तिथेच गेला. बेलरचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पार कडेला जाऊन उभे राहत, त्यामुळे बचावफळी ताणली जाई. मध्ये धावेचं सोंग केलं की सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, पुढे सरके आणि मागे रिसीव्हर केंडल राइट मोकळा. ही मोकळीक पद्धतीची देणगी. पण धावत्या रिसीव्हरच्या ओंजळीत लांबून चेंडू टाकणं कुठलीच पद्धत शिकवत नाही. लकचे टाइट एंड, म्हणजे आतल्या बाजूला उभे राहणारे झेलणारे, दाटीत झेल घेत. एकाहून जास्त चाली घेऊन तो लाइनवर, म्हणजे खेळी सुरू होते तिथे, येई आणि समोरचा बचाव वाचून त्यातली एक स्वतः निवडी. हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पद्धतीचा भाग वगळायला तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड सरकायच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) बरेच यार्ड बाकी असतानाचे पास वेगळे काढून पाहिले. तिथे धावेच्या सोंगाला कोणी फारसं फसत नाही. ग्रिफिनचा लांब पास तिथेही तितकाच अचूक दिसला.

त्या हंगामापुरता ग्रिफिनच सरस, हे माझं ठाम मत. लकला आधी का निवडलं, तेही पटलं: लाइनवरचं ते वाचन एनएफएलमध्ये दर सामन्यात लागतं.

आता ऑक्टोबर 2016 चा ओक्लाहोमा-टेक्सास टेक सामना घेतलाय. ओक्लाहोमाचा बेकर मेफिल्ड आणि टेक्सास टेकचा पॅट्रिक महोम्स, दोघेही एअर रेड या पासांवर भर देणाऱ्या पद्धतीच्याच घराण्यातले. महोम्सचे 88 पासांत 734 यार्ड, मेफिल्डचे 36 पासांत 545. यातला किती फरक ओक्लाहोमाच्या जो मिक्सनच्या धावांमुळे पडला, ते आधी पाहतोय.