रानफुलांच्या साइटची थीम अपडेट : सहा रविवारांची नोंद

माझी सह्याद्रीतल्या रानफुलांची साइट २०१७ सालची. वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फायलींचा संच, पहिल्यापासून ट्वेंटी सेव्हन्टीन, वर्डप्रेस ४.७ बरोबर डिसेंबर २०१६ मध्ये आलेली. आज साइटवर १८० फुलांची पानं आहेत. दोन वर्षांपूर्वी एका रात्री मी सहज अपडेटचं बटण दाबलं आणि थीमच्या फायलींत वर्षानुवर्षं हाताने केलेले सगळे बदल एका मिनिटात गेले. होस्टिंगवरचा बॅकअप परत चढवून साइट पूर्ववत केली, पण तेव्हापासून थीमच्या अपडेटला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

आता टाळून चालणार नव्हतं. सर्व्हर पीएचपी ७.४ वर होता (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी), त्या आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय. पीएचपी ८ वर जायचं तर थीमही ताजी हवी. पाऊस सुरू झाला की साइटवर लोक फुलं ओळखायला येतात, म्हणून जून लागायच्या आत हे उरकायचं ठरवलं.

पहिला रविवार

काहीच बदललं नाही, फक्त कुठली वस्तू कुठे राहते याची यादी केली. फुलांची वर्णनं, बहराचे महिने, कस्टम फील्ड (फुलागणिक भरलेले जादा रकाने), मेन्यू हे सगळं डेटाबेसमध्ये. फोटो अपलोड्स फोल्डरमध्ये. या दोन्हींना थीमच्या अपडेटचा धक्का लागत नाही. थीमचं फोल्डर मात्र अपडेटच्या वेळी अख्खंच्या अख्खं काढून नवीन ठेवलं जातं. एखादी फाइल तुम्ही बदलली होती की नव्हती, हे वर्डप्रेस बघत नाही. माझे बदल नेमके तिथे होते.

वर्डप्रेस ६.३ पासून फसलेलं थीम अपडेट आपोआप मागे फिरतं. चांगली सोय आहे, पण माझं अपडेट फसलं नव्हतंच. ते यशस्वी झालं म्हणूनच बदल पुसले गेले, आणि अशा वेळी ही सोय कामी येत नाही.

दुसरा रविवार

लॅपटॉपवर साइटची प्रत उभी केली. आधी कळलं की माझ्याकडच्या बॅकअपमध्ये फक्त डेटाबेस होता, फोटो नव्हतेच. सगळे फोटो उतरवून घ्यायला दुपार गेली. ज्यांनी आपला बॅकअप कधी दुसरीकडे उघडून बघितलेला नाही, त्यांनी थीमच्या आधी ते करा.

प्रतीत साइटचा पत्ता बदलायला डेटाबेसच्या फाइलमध्ये सरळ फाइंड-रिप्लेस करू नका. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज अशा साठवतं की मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. नवीन पत्ता लहान-मोठा झाला की आकडा जुळत नाही आणि ती सेटिंग वाचलीच जात नाही. विजेट गायब होतात ते बहुतेक यामुळेच. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लिहून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची सर्च-रिप्लेस कमांड तो आकडाही दुरुस्त करते.

तिसरा रविवार

या दिवशी सगळ्यात जास्त शिकले. मी थीममध्ये नक्की काय काय बदललंय, हे मलाच आठवत नव्हतं. स्टाइल फाइलमध्ये (रंग, आकार, अंतरं ठरवणाऱ्या) खाली चार ओळी घातल्याचं लक्षात होतं, तेवढंच. मग वर्डप्रेसच्या संग्रहातून माझ्याच आवृत्तीची कोरी थीम उतरवली (नवी आवृत्ती घेतली असती तर थीमकर्त्यांचे बदल आणि माझे बदल एकात एक मिसळले असते) आणि दोन्ही फोल्डरांवर डिफ, म्हणजे फायलींतला फरक ओळीओळीने दाखवणारा प्रोग्रॅम, चालवला.

चौदा जागा निघाल्या. नऊ स्टाइल फाइलमध्ये, तीन लेखाच्या टेम्प्लेटमध्ये (लेखाच्या पानाची मांडणी ठरवणारी फाइल), एक पानाच्या तळाच्या फुटरमध्ये आणि एक थीमचा पीएचपी कोड असलेल्या फंक्शन्स फाइलमध्ये, जी मी घातल्याचं मला अजिबात आठवत नाही. एकेक ओळ वहीत उतरवली आणि पुढे लिहिलं : हवी, नको, कशासाठी. पाच नको निघाल्या. जुन्या फोनसाठी केलेले इलाज होते ते.

हव्या असलेल्यांतली सर्वांत महत्त्वाची ओळ लेटर-स्पेसिंगची. या थीममध्ये साइटच्या नावातल्या अक्षरांमध्ये ०.०८ ईएम, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या आठ टक्के, इतकं जादा अंतर दिलंय. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते, ‘रानफुलं’ हा एक शब्द न दिसता सुटी सुटी अक्षरं दिसतात. थीम हे अंतर साइटची भाषा बघून ठरवते. माझ्या साइटची भाषा सेटिंगमध्ये इंग्रजी आहे, कारण ॲडमिन मला इंग्रजीत सोयीचं पडतं, म्हणून हे अंतर हाताने शून्य करावं लागतं. दुसरी ओळ लाइन-हाइटची, म्हणजे ओळीच्या उंचीची. शीर्षकाच्या दोन ओळी झाल्या की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना चिकटायचे. देवनागरी वाचणाऱ्या माणसासाठी या दोन ओळी म्हणजे सजावट नव्हे, वाचता येण्या-न येण्याचा प्रश्न आहे.

चौथा रविवार

चाइल्ड थीम बनवली, म्हणजे मूळ थीमवर उभी असलेली, फक्त माझे बदल ठेवणारी वेगळी थीम. मूळ थीम अपडेट झाली तरी ती तशीच राहते. फोल्डर नवीन, त्यात दोनच फायली : स्टाइल आणि फंक्शन्स. स्टाइल फाइलच्या डोक्यावर ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अक्षरशः तेच लागतं. थीमचं दिसणारं नाव तिथे चालत नाही.

सुरू केली आणि पान उघडंबोडकं आलं. कारण ट्वेंटी सेव्हन्टीन स्टाइल मागते ती चालू थीमची. चालू थीम आता चाइल्ड, म्हणून माझ्या मोजक्या ओळी आल्या आणि मूळची हजारो ओळींची फाइल आलीच नाही. चाइल्डच्या फंक्शन्स फाइलमधून मूळ स्टाइल आधी लोड करावी लागते. सगळ्याच थीम असं वागत नाहीत, आपापल्या थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये बघून घ्या.

तिथेच एक अर्धविराम राहिला आणि पान पांढरं झालं. चाइल्डच्या फोल्डरचं नाव बदललं, ॲडमिनमध्ये थीमच्या पानावर गेले, वर्डप्रेसने आपणहून डीफॉल्ट थीम लावली. लॅपटॉपवर होतं म्हणून घाम फुटला नाही.

चाइल्डवर गेल्यावर मेन्यू जागेवर आले. हेडरचा फोटो, रंगसंगती, पहिल्या पानावरचे विभाग आणि ‘अॅडिशनल सीएसएस’ या जादा स्टाइलच्या रकान्यातलं सगळं मात्र रिकामं. या सेटिंग्ज डेटाबेसमध्येच असतात, पण थीमच्या नावाने. नाव बदललं की पाटी कोरी. जुन्या नावाखाली त्या शाबूत असतात, त्यामुळे घाबरू नका, पण चाइल्ड लावण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. मी घेतले होते, वीस मिनिटांत सगळं परत भरलं.

पाचवा रविवार

लेखाच्या टेम्प्लेटचं काय करायचं यावर बराच वेळ घालवला. प्रत्येक फुलाच्या पानावर स्थानिक नाव आणि बहराचे महिने दाखवायला मी ती फाइल बदलली होती. ती चाइल्डमध्ये ठेवली असती तर चाललं असतं, पण मग मूळ थीममध्ये त्या फाइलची पुढे कधी दुरुस्ती झाली तर ती माझ्यापर्यंत पोचणार नाही, माझी जुनी प्रतच चालत राहणार. म्हणून तेवढा भाग छोट्या प्लगइनमध्ये, म्हणजे थीमपासून वेगळ्या राहणाऱ्या जोड-प्रोग्रॅममध्ये, हलवला. तो मजकुराच्या आधी माहितीची चौकट जोडतो. कारवीचा सात वर्षांचा बहर ही फुलाची माहिती आहे, थीमशी तिचा संबंध नाही. उद्या थीमच बदलली तरी चौकट राहील. फुटरची फाइल तेवढी चाइल्डमध्ये ठेवली.

मग प्रतीवर मूळ थीम अपडेट केली, पीएचपी ८ लावलं, डीबग लॉग (चुकांची आपोआप होणारी नोंद) चालू ठेवून आठ प्रकारची पानं फिरले. एक इशारा आला, तोही एका जुन्या गॅलरी प्लगइनचा. ते प्लगइन काढलं.

सहावा रविवार

खऱ्या साइटवर पहाटे साडेपाचला बसले. क्रम असा : डेटाबेस आणि फायली दोन्हींचा ताजा बॅकअप, छोटं प्लगइन, चाइल्ड थीम, सेटिंग्ज, सगळी पानं बघणं, मग मूळ थीमचं अपडेट आणि शेवटी पीएचपी. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर फोनवर तीच आठ पानं. सव्वासातला संपलं.

दुपारी बहिणीचा फोन आला की तिच्याकडे साइटचं नाव तुटक दिसतंय. तिच्या ब्राउझरने जुनी स्टाइल फाइल धरून ठेवली होती. कॅशे साफ करायला सांगितला, नाव जोडलं गेलं. आता चाइल्डमध्ये बदल केला की स्टाइल फाइलचा आवृत्ती क्रमांकही वाढवते.

पुढचं काम फाँटचं. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फाँट माझ्याच सर्व्हरवर ठेवून चाइल्डमधून लावायचाय. प्रतीवर लावून बघितलाय. ठळक वजनात ‘सीतेची आसवं’ फार सुरेख दिसतं, फक्त फोनवर शीर्षकाची लाइन-हाइट पुन्हा जुळवावी लागेल.