तुम्ही विचारलंत म्हणून: मला व्हाउचर का नको

"तुमची पोरगी आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतून शिकते, मग व्हाउचरला विरोध कसा?" ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांपासून अर्थशास्त्र शिकणाऱ्या भाच्यापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्याप्रमाणे खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना फुकट, त्यांचे पैसे सरकार शाळेला देतं. व्हाउचरवाल्यांचं म्हणणं असं: सरकारने पैसे शाळेला न देता पालकाच्या हातात कूपन, म्हणजे व्हाउचर, द्यावं. शाळा नीट वागली नाही तर आपण कूपन घेऊन दुसरीकडे जावं. मी स्वतः आत शिरले आणि आता दार लावून घेतेय, असंही कुणीकुणी सुचवतं. ते झोंबतं.

तर ऐका. मुलगी तिसरीत असताना दप्तरात कार्डशीटवर काढलेला हत्ती सापडला. म्हणाली, "रोबोटिक्सच्या तासाला काढला." रोबोटिक्सला हत्ती? तर त्या तासाला फी भरणारी मुलं लॅबमध्ये जायची आणि 'आर' मुलं, म्हणजे आरटीईतली, लायब्ररीत चित्रं काढत बसायची. 'आर' हे नाव मी पाडलेलं नाही. हजेरीपटात ठरावीक नावांपुढे पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं, बाईंच्या टेबलापलीकडून मी ते उलटं वाचलं. दर आठवड्याला हत्तीच का, विचारलं तर पोरगी म्हणाली, "मला तोच येतो."

मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हती. बसायला सांगितलं, पाणी मागवलं. "ताई, सरकार एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं, तेही थकवून. रोबोटिक्सला बाहेरची माणसं येतात, त्यांचे पैसे वेगळे. तुम्ही भरत असाल तर उद्यापासून बसवते." खोटं काहीच बोलली नाही. या मुलांना वेगळं बसवायचं नाही असं नियमात आहे, हे मला माहीत होतं. त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, हेही माहीत होतं. पण ते तीन महिने पोरगी रोज त्यांच्याच समोर बसणार होती. मी पाणी प्यायले आणि घरी आले. भित्री म्हणा हवं तर. तुम्ही केली असती तक्रार?

आता कूपनचं. त्या शाळेची फी तेव्हाच सत्तर हजारांच्या वर होती. मी १७,६७०चं कूपन घेऊन निघाले असते तर शाळेने पेढे वाटले असते. गिऱ्हाईक गेल्यावर नुकसान होणार असेल तरच त्याचा धाक. भाचा लगेच आंध्रचा दाखला देतो: तिथे २००८ पासून सोडतीने व्हाउचर देऊन पाहिली, चार वर्षांनी तेलुगू-गणितात फरक नाही पण हिंदी सुधारली, आणि त्या खासगी शाळांचा मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मान्य. पण तिथल्या शाळा स्वस्तातल्या, व्हाउचरमध्ये अख्खी फी भागायची. इथे उरलेली फी कोण भरणार, यावर तो विषय बदलतो.

आणि हक्काचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. पालक कोर्टात गेले, जुलैत उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. कायद्यात जागा होती म्हणून भांडता आलं. कूपन एका जीआरने येईल, दुसऱ्याने जाईल.

पण मी दहा वर्षांपूर्वी तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत होते, तेव्हा कुणी कूपन पुढे केलं असतं तर हिसकावून घेतलं असतं. रांगेतली ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, मूर्ख नव्हती. घराजवळच्या पालिका शाळेत एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळत होते. तिला फक्त त्यातून सुटायचं होतं. तिच्याशी वाद घातला की मी जिंकत नाही. हक्क, कलम, तक्रार हे सगळं मी आत गेल्यावर शिकले; बाहेर उभी होते तेव्हा मलाही दारच हवं होतं.

शिवाय हा हक्क आठवीपर्यंतच. पुढच्या जूनपासून पूर्ण फी, नाहीतर दुसरी शाळा. यावर व्हाउचरवाले बोलत नाहीत आणि आमचे आरटीईवालेही नाहीत.

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी तिच्या लेकाचा आरटीईचा फॉर्म भरून घ्यायला आली. दहा शाळा टाकता येतात. तिने विचारलं, "काकू, तुमची शाळा टाकू का?" मी रोबोटिक्सचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, टाक.