फट सरळ, गाडी वाकडी

गेल्या जुलैत मी दुसऱ्या एका वेल्डरचं काम ग्राइंडरने कापून काढलं. इतका एकसारखा टाका मी वर्षभरात पाहिला नव्हता. तो कापावा लागला याचं वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

गाडी 1969 ची शेवरले कॅमेरो, एसएस 396, उघड्या टपाची म्हणजे कन्व्हर्टिबल, ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यातली. रंग हगर ऑरेंज. तक्रारी दोनच: समोरची काच दुसऱ्यांदा तडकली, आणि खड्ड्यातून जाताना डावीकडून कुरकुर येते. मालकांना ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या फेरीला गाडी न्यायची होती. डेट्रॉइटच्या आसपास जुलैत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हीच तारीख घेऊन येतं. हिवाळाभर गाडी झाकून ठेवायची आणि कामाला मात्र तीन आठवडे द्यायचे, हे मला कधीच पटलेलं नाही.

या गाडीची रचना सांगतो. मागचा सगळा भाग म्हणजे पत्र्याचाच सांगाडा. पुढे इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग पेलणारी वेगळी सबफ्रेम, आणि ती बॉडीला रबरी बुशांवर बोल्टने कसलेली. पुढची सबफ्रेम आणि मागची फ्रेम, म्हणजे मागच्या पत्र्यालाच जोडलेल्या दांड्या, यांच्यामध्ये फक्त फ्लोअरचा पत्रा आणि रॉकर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्ट्या. त्यात टप नाही. काडेपेटीचा आतला ड्रॉवर काढून नुसता पिळून बघा, सहज पिळतो. खोक्यात घालून पिळा, दाद देत नाही. टप काढलं की हातात नुसता ड्रॉवर उरतो. शेवरलेने या कन्व्हर्टिबलच्या चारही कोपऱ्यांत तेलाने भरलेले डबे बसवले होते, आत स्प्रिंगवर टांगलेलं वजन. इथे त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात. ते थरथर शोषतात, ताकद देत नाहीत.

ताकद द्यायची तर पुढची फ्रेम मागच्या फ्रेमला चौकोनी पाइपने जोडायची. हेच सबफ्रेम कनेक्टर. या गाडीला ते तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये लावले होते, रंगकामाच्या आधी. मी खाली गेलो तर डाव्या कनेक्टरच्या मागच्या टोकाला केसाएवढी चीर. वेल्डला काही झालं नव्हतं, शेजारचा पत्रा फाटला होता. चांगला वेल्ड आणि फाटलेला पत्रा असं दिसलं, की त्या जोडावर कसला तरी ताण कायमचा बसलाय असं समजायचं.

गाडी चार खांबी लिफ्टवर घेतली, म्हणजे चारही चाकं जमिनीवर असल्यासारखी. ओळंबा सोडून फ्रेमचे बिंदू खाली उतरवले, कर्ण मोजले. कर्ण जुळले. दारांच्या फटी ड्रिल बिटने तपासल्या: वरपासून खालपर्यंत पाच मिलिमीटर, दोन्ही बाजूंना. कन्व्हर्टिबलला अशी फट कारखान्यातूनसुद्धा येत नसे. त्या फटीवर माझा विश्वास बसला. दाराच्या कडेला चुंबक लावून बघायला हवं होतं. एका मिनिटाचं काम, ते मी केलं नाही.

चीर नीट दुरुस्त करायची तर डावा कनेक्टर मोकळा करणं भाग होतं. दार लावलेलं, कडेला मास्किंग टेप. पातळ डिस्कने कापत गेलो. शेवटची भिंत उरली आणि खण्णकन आवाज आला. काप आपोआप उघडला, जवळजवळ दोन मिलिमीटर. त्याच क्षणी वरून बारीकसा आवाज. बाहेर येऊन बघतो, तर दाराची मागची वरची कड बॉडीला टेकलेली आणि टेपखाली नखाएवढा रंग उडालेला.

मग सगळा उलगडा झाला. कनेक्टर लावताना गाडी दोन खांबी लिफ्टवर असणार. लिफ्टचे हात गाडीच्या मध्यावर, पुढचं इंजिन आणि मागचा ॲक्सल दोन्ही लोंबत. कन्व्हर्टिबल अशी टांगली की मधून कमानीसारखी होते: दाराची फट वर रुंदावते, खाली आवळते. त्या अवस्थेत वेल्ड मारला की कमान कायमची जखडली जाते. चाकांवर उतरल्यावर मधला भाग खाली बसायला बघतो, कनेक्टर त्याला ओढून धरतो, आणि तो ताण काचेपर्यंत पोचतो. त्यानंतर बॉडीवाल्याने वाकडी फट पाहिली, बिजागऱ्या हलवल्या, दाराच्या वरच्या कडेला पुट्टी चढवली आणि फट सुरेख केली. आता चुंबक लावला, तर तिथे चिकटेना.

या धंद्यात मला सर्वांत जास्त खुपतं ते हे. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि आधीच्याने काय करून ठेवलंय हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडेही असंच चालतं, वेल्डरचं बिल वेगळं, रंगाचं वेगळं.

मालकांना बोलावलं. पंच्याहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. लिफ्टखाली नेऊन उघडा काप दाखवला आणि म्हटलं, "सर, जॅक लावून हा काप बंद करून पुन्हा जोडता येईल. दार पूर्वीसारखं दिसेल, काच मात्र पुन्हा जाईल. नाहीतर गाडी सरळ करू, पण मग दाराची कड आणि ती पूर्ण बाजू नव्याने रंगवावी लागेल, तारीख हुकेल." त्यांनी त्या कापात बोटाचं नख घालून बघितलं, बराच वेळ. म्हणाले, "तीन वर्षं मी या दाराचं सगळ्यांना कौतुक सांगत होतो." दोन दिवसांनी फोन आला: सरळ करा.

उजवा कनेक्टरही काढला. गाडी चाकांवर, टाकीत पेट्रोल, सीटवर माणसाच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या. नव्या पाइपला आधी चारही टोकांना टाके, मग एकेक इंच वेल्ड, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ देत. कोल्हापूरला उद्यमनगरात मी शिकलो तेव्हा मिस्त्री म्हणायचे, "वेल्ड थंड होताना ओढतोच, तू त्याला घाई करू नको." दर चार टाक्यांनी फट मोजली. पूर्ण दिवस गेला. नंतर पुढच्या एका कोपऱ्याला जॅक लावून उचललं तर दार उघडलं आणि लागलं, हात अडखळला नाही.

ड्रीम क्रूझ हुकली. गाडी सप्टेंबरात गेली.

कापलेल्या पाइपचा एक तुकडा माझ्या बाकावर आहे. टाका अजून तसाच चकचकीत. ज्याने तो मारला त्याला यातलं काही माहीत नाही, आणि तो कदाचित आजही गाडी टांगून कनेक्टर लावत असेल. त्या गॅरेजचा नंबर मालकांनी दिलाय. दोनदा फोन हातात घेतला, सुरुवात कशी करायची ते सुचलं नाही.